'मुक्काम घाटकोपर' : स्थलनिर्देशाच्या इतिहासाची एक बाजू

जुन्या मराठी पत्राच्या माथ्यावर 'मुक्काम' हा शब्द, त्यापुढे गावाचे नाव आणि त्याखाली तिथी अगर तारीख लिहिण्याचा परिपाठ होता. 'इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल लिहिणे' हे त्यापुढचे ठरीव वाक्य. या दोन ओळींत पत्रलेखकाने आपले स्थळ, आपला काळ आणि आपल्या श्रोत्याचे दूरत्व अशा तिन्ही गोष्टी सांगून टाकलेल्या असत. आज समाजमाध्यमावर छायाचित्र प्रसिद्ध करणारा मनुष्य त्याच्या माथ्यावर एखाद्या स्थळाचे नाव जोडतो. व्यवहारात त्यास 'लोकेशन टॅग' म्हणतात. या लेखात आम्ही त्याला 'स्थलचिन्ह' म्हणू. वरवर पाहता हे स्थलचिन्ह म्हणजे जुन्या मुक्कामाचेच नवे रूप होय, असे वाटते. पुष्कळांनी तसे गृहीतही धरले आहे. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. स्थलचिन्ह हे नाम आहे, परंतु त्यास विभक्ती नाही. आणि सामान्य वापरणाऱ्याचे होणारे बहुतेक गैरसमज, तसेच अभ्यासकाच्या हातून होणारे काही चुकीचे निष्कर्ष, या एकाच उणिवेतून निघतात, असे येथे दाखवावयाचे आहे. उदाहरणासाठी एकच स्थळ घेतले आहे, ते म्हणजे मुंबईचे उपनगर घाटकोपर. एका स्थळाचा निर्देश गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत किती परींनी होत आला, हे तेथे एकत्र पाहावयास मिळते.

प्रथम नावाविषयी. 'घाट के ऊपर' यावरून 'घाटकोपर' झाले, अशी व्युत्पत्ती लोकांत रूढ आहे आणि ती मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जाते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती टिकणे कठीण आहे. 'के' हा प्रत्यय हिंदीचा. तो ना मराठीचा, ना या भागात मोठ्या संख्येने वसलेल्या गुजराती भाषकांचा. हिंदी ही मुंबईच्या बाजाराची बोली होण्यापूर्वीपासून साष्टीतील गावांना नावे होती, हे लक्षात घेतले म्हणजे गावाने आपले नाव हिंदी शब्दयोगातून घ्यावे, हे संभवनीय वाटत नाही. उलट 'कोपर' हा शब्द या किनारपट्टीवर जागोजाग भेटतो. दिवा आणि डोंबिवली यांच्यामधील कोपर, ठाण्याजवळील कोपरी, खाडीपलीकडील कोपरखैरणे ही नावे पाहावीत. हाताचे कोपर, घराचा कोपरा आणि जमिनीचा वळसा या एकाच अर्थकुलातील गोष्टी आहेत. घाटाचे म्हणजे टेकडीच्या चढणीचे कोपर ते घाटकोपर, हा सरळ तत्पुरुष समास मानण्यात कोणतीही अडचण येत नाही. तथापि लोकव्युत्पत्ती खोटी ठरली म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. ती इतिहासाचे साधन असते, मात्र गावाच्या नव्हे तर ती सांगणाऱ्यांच्या इतिहासाचे. 'घाट के ऊपर' म्हणणाऱ्यास घाटकोपर हिंदीतून भेटलेले असते, एवढे त्यावरून निश्चित कळते. स्थलचिन्हाचा विचार करताना ही दृष्टी पुन्हा उपयोगी पडणार आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि तिचा मार्ग याच गावाच्या शिवेतून गेला. रुळांनी गावाचे दोन भाग केले. पुढे 'पूर्व' आणि 'पश्चिम' हे दिशावाचक शब्द येथे स्थलनामाचा भागच होऊन बसले, इतके की आज घाटकोपरचा रहिवासी रुळांच्या एका बाजूस उभा राहून दुसऱ्या बाजूस 'वेस्टला' म्हणतो, तेव्हा सूर्याचा विचार त्याच्या मनात नसतो. पश्चिमेकडून जाणारा हमरस्ता तेव्हा आग्रा रोड होता. आता तो लाल बहादूर शास्त्री मार्ग आहे. घाटकोपर-किरोळ अशी स्वतंत्र नगरपालिका येथे होती. १९५० मध्ये बृहन्मुंबईच्या विस्तारात घाटकोपर मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले, आणि महापालिकेच्या दप्तरात तो आज 'एन' विभाग आहे. म्हणजे गावाच्या नावाशेजारी रोमन वर्णमालेतील एक अक्षर येऊन बसले. टपालखात्याने त्याला आकडा दिला. 'घाटकोपर, मुंबई ७७' आणि 'घाटकोपर, मुंबई ८६' असे पत्ते त्या काळच्या पुस्तकांच्या आणि मासिकांच्या पानांवर छापलेले आढळतात.

या आकड्यांचे पुढे काय झाले, हे सांगताना एका मराठी माणसाचा उल्लेख अपरिहार्य आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोडची पद्धती सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात उच्चपदस्थ अधिकारी होते आणि त्याचबरोबर संस्कृतचे पंडित व कवी होते. सहा अंकांपैकी पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपालकचेरीचे, अशी त्याची रचना आहे. 'मुंबई ७७' चे ४०००७७ झाले, 'मुंबई ८६' चे ४०००८६. पंतनगरसाठी ४०००७५ आहे. या पद्धतीची गरज निर्माण झाली ती भाषेतूनच. एकाच नावाची अनेक गावे, एकाच गावाच्या नावाची अनेक लेखने आणि पत्त्यांवरील निरनिराळ्या लिप्या यांमुळे टपाल चुकत असे. नावाचा पसारा आकड्याने आवरण्याचे हे काम एका संस्कृतज्ञाच्या हातून व्हावे, यात नवल वाटू नये. थोड्या चिन्हांत पुष्कळ व्यवस्था बसविणे ही पाणिनीच्या परंपरेची जुनी विद्या आहे.

आता विभक्तीकडे वळू. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये आले. मराठीत विभक्ती किती मानाव्यात, संस्कृतचा साचा मराठीस लावावा की नाही, या प्रश्नांवर व्याकरणकारांत मतभेद झाले आणि ते संपलेले नाहीत. येथे त्या वादात शिरण्याचे कारण नाही. रूपांचा प्रश्न बाजूस ठेवला तरी नामाचा क्रियेशी असलेला संबंध, म्हणजे कारकार्थ, भाषेला सांगावाच लागतो. घाटकोपर या नावाचा मनुष्याशी संबंध कोणता, हे मराठी भाषक 'घाटकोपरला', 'घाटकोपरहून', 'घाटकोपरचा', 'घाटकोपरमध्ये' अशा रूपांनी सांगतो. (घाटकोपरला जातो आणि घाटकोपरला राहतो, या दोन वाक्यांत 'ला' चे अर्थ निराळे आहेत, हे वर्गात शिकविताना विद्यार्थ्यांस प्रत्येक वर्षी नव्याने आश्चर्य वाटते.) ज्या स्थलनिर्देशांचा वर उल्लेख केला, त्या प्रत्येकात हा संबंध पक्का ठरलेला आहे. पत्राच्या माथ्यावरील 'मुक्काम' हा शब्द अधिकरणाचे काम करतो. लिहिणारा तेथे आहे. पाकिटावरील पत्ता 'यांस' या शब्दाने चालतो. तेथे गाव हे पत्राच्या प्रवासाचे गंतव्य असते, आणि पिन कोड त्याच गंतव्याचा आकडा आहे. कोणी पाकिटावर ४०००८६ लिहिले म्हणून लिहिणारा घाटकोपरात आहे, असे कोणी समजत नाही. आडनावातील '-कर' हा प्रत्यय मूळस्थान सांगतो आणि बहुधा तो मनुष्य जेथे नाही असे स्थान सांगतो; गाव सोडल्यावरच गावाच्या नावाने ओळखले जाण्याची गरज उत्पन्न होते. वेलणकर हे आडनाव त्याच जातीचे. आपले मूळस्थान आडनावात वाहणाऱ्या माणसाने सगळ्या देशाला गंतव्याचे आकडे दिले.

या मालिकेत आणखी एक कागद आहे. व्याकरणाच्या चर्चेत तो कधी येत नाही, तथापि घाटकोपरच्या संदर्भात त्याचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. तो म्हणजे झोपडीचा 'फोटोपास'. घाटकोपरच्या टेकड्यांच्या उतारांवर दाट वस्ती आहे. १९७१ मध्ये महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम झाला, आणि जानेवारी १९७६ मध्ये राज्य शासनाने मुंबईतील झोपड्यांची गणना केली. ज्यांची नोंद झाली त्यांस छायाचित्र लावलेले ओळखपत्र देण्यात आले, तोच फोटोपास. त्यावर माणसाचे छायाचित्र आहे आणि झोपडीचा क्रमांक आहे. म्हणजे छायाचित्राला स्थळ जोडण्याची कल्पना समाजमाध्यमांनी आणली, असे समजण्याचे कारण नाही. ती मुंबईच्या वस्त्यांत त्यापूर्वी तीस-पस्तीस वर्षे वापरात होती, आणि तेथे ती करमणुकीची बाब नव्हती. पुढे पुनर्वसनाची पात्रता तारखेवर ठरू लागली : प्रथम १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, आणि सशुल्क पुनर्वसनासाठी १ जानेवारी २०११. अमुक तारखेस मी येथे होतो, हे वाक्य सिद्ध करता आले तर घर मिळावयाचे, न आले तर नाही. शिधापत्रिका, मतदारयादीतील नोंद, विजेचे देयक आणि फोटोपास हे कागद ज्या कुटुंबांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पावसाळ्यामागून पावसाळे जपले, त्यांना 'मी', 'येथे' आणि 'तेव्हा' या तीन शब्दांची किंमत कोणा भाषाशास्त्रज्ञाने सांगावयास नको. कार्ल ब्यूलर याने १९३४ च्या आपल्या ग्रंथात भाषिक निर्देशाचा मूलबिंदू 'मी-येथे-आता' असा त्रिमितीय मांडला. फोटोपास हा त्या मूलबिंदूचा शासकीय शिक्क्याने केलेला दाखला होय.

अशी पार्श्वभूमी ध्यानात ठेवून स्थलचिन्हाकडे पाहावे. त्याची घडण कशी होते, हे प्रथम पाहणे अवश्य आहे, कारण पुष्कळ सुशिक्षित माणसेही तीन निरनिराळ्या गोष्टी एकच समजतात.

मोबाइल दूरध्वनी आपले स्थान उपग्रहांच्या संदेशावरून, जवळच्या वाय-फाय यंत्रांवरून आणि दूरध्वनीच्या मनोऱ्यांवरून अजमावतो. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशात हेतुतः ठेवलेली अस्पष्टता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यानंतर ही मोजणी सामान्य व्यवहारास पुरेशी बिनचूक झाली. मोजणीचे फळ दोन आकडे असते, अक्षांश आणि रेखांश. घाटकोपर स्थानकाच्या परिसराचे ते सुमारे १९.०९ उत्तर व ७२.९१ पूर्व असे आहेत. दशांशचिन्हापुढे दोन स्थळे दिली तर सुमारे एक किलोमीटरपर्यंतची जागा कळते, म्हणजे उपनगराचा एक भाग. पाच स्थळे दिली तर सुमारे एक मीटर, म्हणजे कोणता दरवाजा तेही. लिहिताना फरक केवळ तीन अंकांचा. व्यवहारात तो 'घाटकोपरला राहतो' आणि 'या घरात राहतो' यांतील फरक आहे.

छायाचित्र काढताना कॅमेऱ्यास परवानगी असल्यास तो हे आकडे चित्राच्या फाइलमध्ये नोंदवतो. ही नोंद डोळ्यांस दिसत नाही, पण फाइल ज्याच्या हाती पडेल त्यास ती वाचता येते. ही पहिली गोष्ट. हिला निःसंशय अधिकरणाचा अर्थ आहे : चित्र तेथे, त्या क्षणी घेतले गेले. मात्र ती माणसाने उच्चारलेली नाही. यंत्राने केलेले ते विधान आहे, आणि ज्याच्याविषयी ते आहे त्यास ते झाल्याचा पत्ताही नसतो. दुसरी गोष्ट स्थलचिन्हाची. चित्र प्रसिद्ध करताना समाजमाध्यम दूरध्वनीच्या स्थानावरून जवळच्या नावांची एक यादी पुढे करते. वापरणारा त्यातून एक निवडतो, किंवा यादीबाहेरचे दुसरेच कोणतेही नाव शोधून लावतो. नागपुरात बसून 'घाटकोपर' हे चिन्ह लावता येते. तेथे कोणतीही पडताळणी होत नाही. तिसरी गोष्ट 'लाइव्ह लोकेशन', म्हणजे चालते स्थान. व्हॉट्सॲपने ही सोय २०१७ मध्ये दिली. पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास, अशा मुदतीपर्यंत ठरावीक व्यक्तीस आपले स्थान सतत दिसत राहते. यात श्रोता निश्चित असतो आणि मुदतही निश्चित असते. म्हणून जुन्या पत्रव्यवहाराशी नाते सांगावयाचेच असेल तर ते या तिसऱ्या प्रकारास अधिक शोभते. दुसऱ्याला ते नाते फुकट मिळालेले आहे.

सामान्य वापरणाऱ्यास याचा उपयोग एवढाच की, एक बंद केले म्हणून दुसरे बंद होत नाही. स्थलचिन्ह न लावता प्रसिद्ध केलेल्या चित्राच्या फाइलमध्ये आकडे असू शकतात. मोठी समाजमाध्यमे प्रसिद्ध होणाऱ्या चित्रातून ती नोंद इतरांसाठी काढून टाकतात, आणि व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविलेल्या चित्रातूनही ती जाते. परंतु तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविले तर फाइल जशीच्या तशी जाते, आकड्यांसह. जे उत्तम दर्जाचे चित्र पोहोचावे म्हणून मुद्दाम ही पद्धत वापरतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. कॅमेऱ्याची स्थानाची परवानगी दूरध्वनीच्या 'सेटिंग्ज'मध्ये काढून घेता येते. २०२० मध्ये आयफोनच्या आणि २०२१ मध्ये अँड्रॉइडच्या प्रणालीत 'अचूक' स्थानाऐवजी 'अंदाजे' स्थान देण्याचा पर्याय आला. वर सांगितलेल्या दोन आणि पाच दशांशस्थळांतील निवडच ती, जरी ती त्या शब्दांत सांगितली जात नसली तरी.

या सोयींचा इतिहास अल्प असला तरी बोधक आहे. २००९ मध्ये फोरस्क्वेअरने 'चेक-इन' हा खेळ म्हणून रूढ केला. त्याच वर्षी ट्विटरने संदेशाला स्थानाचे आकडे जोडण्याची सोय केली. ऑगस्ट २०१० मध्ये फेसबुकचे 'प्लेसेस' आले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम. धोक्याची जाणीवही तितकीच जुनी आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये नेदरलँड्समधील काही तरुणांनी 'प्लीज रॉब मी' या नावाचे एक उपहासपर स्थळ काढून, अमुक मनुष्य बाहेर आहे म्हणजे त्याचे घर रिकामे आहे, हा साधा न्याय लोकांच्या स्वतःच्या नोंदींवरून दाखवून दिला. मीमांसकांच्या भाषेत ही अर्थापत्ती होय; पुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असला पाहिजे. डिसेंबर २०१२ मध्ये बेलीझच्या पोलिसांना चौकशीसाठी हवे असलेले जॉन मॅकाफी यांचे छायाचित्र 'व्हाइस' या नियतकालिकाने प्रसिद्ध केले, आणि त्या फाइलमधील आकड्यांवरून ते ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले. लपणाऱ्याने स्थळ सांगितले नव्हते, छापणाऱ्याचाही तसा हेतू नव्हता. वाक्य यंत्राचे होते. ट्विटरने तर २०१९ मध्ये संदेशास नेमके आकडे जोडण्याची सोय बहुतांशी काढूनच घेतली. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायद्याच्या अंगाचा विचार त्या विषयाच्या तज्ज्ञांनी करावा.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा मुंबईच्या मेट्रोचा पहिला मार्ग सुरू झाला. साकीनाक्याहून घाटकोपरकडे येताना असल्फा आणि जागृतीनगर ही स्थानके लागतात, आणि उन्नत मार्गावरून टेकडीवरील घरे दिसू लागली. २०१७ च्या अखेरीपासून 'चल रंग दे' या उपक्रमातून असल्फ्याच्या टेकडीवरील भिंती रंगविण्यात आल्या. छायाचित्रे सर्वत्र पसरली. इटलीच्या समुद्रकाठच्या पोझितानो या गावाशी तुलना झाली. लोक चित्रे काढण्यासाठी येऊ लागले. 'असल्फा' हे नाव घाटकोपरच्या बाहेर ज्यांनी ऐकलेही नव्हते, त्यांस ते स्थलचिन्ह म्हणून परिचित झाले. नावाचा अर्थ मात्र पालटला : रहिवाशास असल्फा म्हणजे चढण, पाण्याची वेळ, घराचा क्रमांक, स्थलचिन्ह लावणाऱ्यास ते रंगीत भिंतीचे नाव. रंगकामावर आमचा आक्षेप नाही. भिंती रंगल्याने कोणाचे नुकसान झाले असे म्हणवत नाही. पाहुण्याने लावलेले 'असल्फा' आणि रहिवाशाने लावलेले 'असल्फा' यांत माध्यमास काहीच भेद दिसत नाही, एवढेच येथे महत्त्वाचे आहे. 'असल्फ्याला गेलो होतो' आणि 'असल्फ्याला राहतो' ही दोन वाक्ये एकाच विभक्तिहीन शब्दात विरघळून गेली. आणि पाहुण्याच्या चित्रात दार, खिडकी, वाळत घातलेले कपडे, उंबऱ्यावर बसलेले मूल अशा गोष्टी आल्या, तर त्यांचे स्थळ ज्याने सांगितले तो तेथला नसतो. जो तेथला असतो त्यास विचारलेले असतेच असे नाही. फोटोपासवरील छायाचित्र त्या माणसाच्या स्वतःच्या हक्काचे होते. हे छायाचित्र त्याच्या घराचे असून हक्क दुसऱ्याचा आहे.

याची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत हजारो माणसे वाटेत अडकली. आपण कोठे आहोत हे घरी कळविण्याचे साधन अनेकांपाशी त्या रात्री उरले नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात निराळे दृश्य दिसले. अनेक अपरिचितांनी समाजमाध्यमांवरून आपले घर, आपले कार्यालय, आपले प्रार्थनास्थळ अमुक ठिकाणी आहे आणि आत येण्यास मुभा आहे, असे जाहीर केले. येथे स्थळ सांगणे हे पुन्हा आमंत्रण झाले. 'यांस' म्हणणारी चतुर्थी परत आली, कारण सांगणाऱ्याने संबंध शब्दांत लिहिला होता. नुसते स्थलचिन्ह लावून ते साधले नसते.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी आता समाजमाध्यमांवरील मजकूर इतिहासाचे व भाषेचे साधन म्हणून वापरू लागले आहेत, त्यांच्यासाठी एका दोषाचा उल्लेख करणे इष्ट वाटते. 'घाटकोपर' या स्थलचिन्हाखाली जमलेली सामग्री स्थळानुसार एकत्र येते, काळानुसार नव्हे. जी तारीख दिसते ती प्रसिद्धीची असते, प्रसंगाची असेलच असे नाही. १३ मे २०२४ रोजी छेडानगर येथे पेट्रोलपंपावर जाहिरातीचा प्रचंड फलक वादळात कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या चित्रांशेजारी खाऊगल्लीतील डोशाचे आणि मेट्रोच्या जिन्याचे चित्र त्याच नावाखाली, त्याच आकारात आढळते. हे एक वेळ चालेल. पत्रसंग्रहातही मृत्यूची वार्ता आणि लोणच्याची कृती एकाच पानावर असते. अधिक गंभीर गोष्ट ही की, स्थलचिन्हांचे घाटकोपर २०१० च्या आसपास सुरू होते. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे ठार झाली. त्या घटनेची जी चित्रे त्या वस्तीच्या नावाखाली आज आढळतील, ती नंतर कोणी तरी, बहुधा स्मृतिदिनी, लावलेली असणार. त्यांस १९९७ चे साधन मानणे चूक; स्मरण कोण करतो, केव्हा आणि कोणत्या शब्दांत करतो, याचे ते साधन आहे, आणि त्या दृष्टीने मोलाचे आहे. 'घाट के ऊपर' या व्युत्पत्तीविषयी वर जे म्हटले, तेच येथे लागू पडते.

नावांच्या यादीचाही असाच विचार केला पाहिजे. जी नावे माध्यम पुढे करते, त्यांतील पुष्कळशी व्यापारी आस्थापनांची असतात, पुष्कळशी वापरणाऱ्यांनीच कधी काळी टाकलेली असतात, आणि बहुतेक रोमन लिपीत असतात. एकाच गल्लीची तीन लेखने तीन स्थळे म्हणून नांदतात. वेलणकरांनी ज्या गोंधळावर आकड्याने मात केली, तोच येथे नव्या वाटेने परत आला आहे. ज्यास एखाद्या वस्तीचे मराठी नाव अभ्यासावयाचे आहे त्याने या यादीवर विसंबू नये. महापालिकेचे दप्तर, शाळांचे दाखले, मतदारयाद्या आणि वस्तीतील मंडळांचे फलक अगोदर पाहावेत. यादी पाहावी ती नंतर, आणि कोणते नाव तेथे आले नाही हे शोधण्यासाठी.

२७ मे २०२५ रोजी टपालखात्याने 'डिजिपिन' ही पद्धती जाहीर केली. तीत देशाच्या भूमीचे सुमारे चार मीटर लांब व चार मीटर रुंद असे चौकोन पाडून प्रत्येकास दहा अक्षर-अंकांचे चिन्ह दिले आहे. हे चिन्ह अक्षांश-रेखांशांवरून निघते. ते ना गावाचे नाव घेते, ना रस्त्याचे, ना मालकाचे. टपालकचेरीचा विभाग दाखविणाऱ्या सहा अंकांनंतर ही फार मोठी झेप आहे, आणि ज्या वस्तीत रस्त्यास नाव नाही तेथील माणसालाही तिच्यामुळे एक पत्ता मिळतो, हे तिचे खरे मोल. तथापि ती जमिनीचा चौकोन मोजते, उंची मोजत नाही. घाटकोपरच्या टेकडीवर चार मीटरांच्या चौकोनात खाली एक बिऱ्हाड, लोखंडी शिडीने वर दुसरे आणि क्वचित त्याहून वर तिसरे असते. या तिन्ही बिऱ्हाडांचे डिजिपिन एकच येते. कोणाचे पत्र कोणत्या दारी द्यावयाचे, हे त्या गल्लीत आजही शिडीच्या तोंडाशी उभे राहून नावाने हाक मारूनच ठरते.